गावाची टाळेबंदीची वही: कोणाला विचारायचं, काय विचारायचं

"टाळेबंदी बरोबर होती का?" असं कोणालाही विचारू नका. हा प्रश्न ऐकला की माणूस टीव्हीवरचं बोलायला लागतो. एक तर "सरकारने केलं ते बरं केलं, नाहीतर मेलो असतो", नाहीतर "सगळं थोतांड होतं". दुकानाच्या ओट्यावर ही दोन्ही उत्तरं मी इतकी ऐकली आहेत की समोरचा घसा खाकरतो तेव्हाच कळतं, यातलं कोणतं येणार. त्याऐवजी विचारा, "तेव्हा तुमची दादर (रब्बीची ज्वारी) घरात आली होती का शेतातच होती?" मग माणूस टेकून बसतो आणि खरं बोलायला लागतो.

जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेर तालुक्यात बोरी नदीकाठच्या एका गावात माझं किराणा दुकान आहे. कोरोनाच्या दोन्ही टाळेबंद्यांत ते चालू होतं, कारण किराणा 'अत्यावश्यक'मध्ये. त्या दिवसांत गावाने काय केलं आणि कोणाला काय वाटलं, याची एक वही मी आणि माझी जाऊ मिळून लिहितोय. पुढची साथ कधी यायची ती येवो, पण तेव्हा गावाने त्याच गोष्टींवर पुन्हा पहिल्यापासून भांडू नये, एवढाच हेतू. माहेरच्या गावातल्या मुलींनी विचारलं, तुम्ही हे करता कसं? म्हणून लिहून काढलं. कोणत्याही गावाला, गल्लीला, सोसायटीला चालेल.

आधी दोन वर्षं सोडवून घ्या

लोकांच्या डोक्यात २०२० आणि २०२१ एकत्र झालेत. "लॉकडाऊनमध्ये आमचे आप्पा गेले" असं कोणी म्हणालं, तर ते बहुतेक २०२१ असतं. "लॉकडाऊनमध्ये पोलीस उठाबशा काढायला लावायचे" हे बहुतेक २०२०. दोन्हींत फार फरक आहे. पहिल्या खेपेला खेड्यात आजार जवळजवळ नव्हता आणि भीती मात्र डोंगराएवढी होती. दुसऱ्या खेपेला आजार घरोघरी आला आणि भीती तोवर शिळी झाली होती. हे एकात एक मिसळलं तर सगळी वही वाया जाते.

तारखा विचारून उपयोग नाही, सण विचारा. गंमत म्हणजे दोन्ही वेळा पाडव्याच्या आगेमागेच कुलूप लागलं. २०२० साली २२ मार्चला, रविवारी, जनता कर्फ्यू झाला, थाळ्या वाजल्या. २४ तारखेला रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याला, पहिला दिवस उजाडला. २०२१ साली पाडवा १३ एप्रिलला होता आणि १४ तारखेच्या रात्रीपासून राज्याचे कडक निर्बंध लागले. म्हणून पाडव्यावरून ओळख पटत नाही. आखाजीवरून, म्हणजे अक्षय्य तृतीयेवरून, पटते.

आखाजी आपल्याकडे दिवाळीपेक्षा मोठी. २०२० ची आखाजी २६ एप्रिलला आली, २०२१ ची १४ मेला, आणि त्याच दिवशी ईदही होती. दोन्ही वर्षी लेकी माहेरी आल्या नाहीत, झोके रिकामे राहिले. बायांना विचारा, "घागर भरली तेव्हा वरती ठेवायला डांगर (खरबूज) मिळालं होतं का?" पहिल्या वर्षी आमच्याकडे डांगर मिळायची मारामार होती, कारण आठवडे बाजारच भरत नव्हता. दुसऱ्या वर्षी डांगर दारावर विकायला आलं. या एका प्रश्नावर आमच्या अर्ध्या आठवणी नीट लागल्या. पुरुषांना आखाजीच्या पत्त्यांचं विचारा. पोलीस आले म्हणून कोणत्या वर्षी डाव कोणाच्या खळ्यात हलवला, हे त्यांना नातवाच्या वाढदिवसापेक्षा पक्कं आठवतं.

तुमच्या गावाची खूण वेगळी असेल. मुक्ताईची पालखी मात्र दोन्ही वर्षी पायी न जाता बसनेच पंढरपूरला गेली, म्हणून तिच्यावरून ओळख पटत नाही.  दहावीच्या पोरांना भूगोलाचा पेपर विचारा. २०२० मध्ये तो पेपर २३ मार्चला व्हायचा होता, तो राहिला तो राहिलाच. २०२१ वाल्यांची तर सगळी परीक्षाच रद्द झाली.

वहीच्या पानाचे तीन भाग करा. डावीकडे सणाची खूण, मध्ये माणूस बोलला ते, उजवीकडे एक छोटं अक्षर. त्या अक्षराचं पुढे सांगते.

कोणाकडे आधी जायचं

सरपंच, पोलीस पाटील, गुरुजी, यांच्याकडे शेवटी जा. त्यांचं म्हणणं आधी लिहिलं की पुढचे सगळे त्याच्याच पुढे-मागे बोलतात. शिवाय त्यांना सांगायची सवय आहे, ते कधीही सांगतील.

सुरुवात ज्याचा धंदा साफ बसला त्याच्यापासून करा. आम्ही बँडवाल्यापासून केली. खानदेशात लगनसराई म्हणजे उन्हाळा, आणि उन्हाळे दोन्ही गेले. त्याने जे सांगितलं ते कोणत्याही चर्चेत मी ऐकलं नव्हतं. नियम होता लग्नाला ५० माणसं. पुढे २०२१ च्या एप्रिलमध्ये तो २५ माणसं आणि दोन तास एवढ्यावर आला. "ताई, त्या पन्नासात आम्हाला धरायचं की नाही, हे कोणीच सांगितलं नाही. नवरदेवाचा मामा आम्हाला धरायचा नाही, आणि हवालदार धरायचा." हे पान आमच्या वहीतलं सगळ्यात चांगलं पान आहे. नियम करणाऱ्याला जे दिसत नाही ते त्यात दिसतं.

नंतर शेतमजूर बाया, न्हावी, एसटीचे वाहक, आशाताई, गिरणीवाला, सालदार, ऊसतोडीला गेलेले आणि तिकडेच अडकलेले. दहावीची पोरं घ्याच, त्यांना कोणी विचारलेलं नाही. त्या वर्षी लग्न झालेली सून घ्या. आणि सुरतवाले.

सुरतवाल्यांसाठी वेळ राखून ठेवा. आपल्या घरटी एक तरी माणूस सुरतमध्ये उधन्याला नाहीतर लिंबायतला आहे. गाड्या बंद झाल्या तेव्हा त्यातले कित्येक नवापूर, विसरवाडी, कोंडाईबारीचा घाट, साक्री असे पायी आले. एक म्हातारी मला म्हणाली, "मना पोऱ्या पायी पायी उना (आला), आनि गावनी त्याले शाळामा कोंडी टाकं." त्याच गल्लीतला दुसरा माणूस म्हणाला, की शाळेत १४ दिवस ठेवलं म्हणूनच गाव वाचलं. दोघांचं लिहा, शेजारी शेजारी लिहा. कोण बरोबर हे वहीने ठरवायचं नाही. पण दोघांनाही पुढचा प्रश्न एकच विचारा, शाळेत पाणी होतं का, संडास होता का, आणि जेवण कोणाच्या घरून जात होतं? तिथे दोघांची उत्तरं जुळली. डबा घरून जायचा, आणि ज्याचं घर गावात नाही त्याचा डबा कोणी पाठवायचा यावरून वाद व्हायचा. म्हातारीचा राग शाळेत ठेवल्याचा नव्हताच, पोरगा शाळेत उपाशी झोपला त्याचा होता.

महामार्गाकडच्या गावांनी, म्हणजे धुळ्यापासून शिरपूर, पळासनेरपर्यंतच्या, आपल्या वहीत वाटसरूंचं एक वेगळं पान ठेवावं. मुंबई-आग्रा रस्त्याने मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशकडे चालत गेलेली माणसं त्यांनी डोळ्यांनी पाहिली, भाकरी दिल्या. ८ मे २०२० ला करमाडजवळ रुळावर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. ते जालन्याहून निघाले होते आणि आपल्या भुसावळला गाडी पकडायला चालले होते. ही बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होतात, असं विचारलं की गप्प बसणारी माणसंही बोलतात.

कुठे बसायचं, कसं विचारायचं

पारावर नको. पारावर माणूस ऐकणाऱ्यांसाठी बोलतो. शेताच्या बांधावर, ओट्यावर, गोठ्यात बरं. बायांकडे जायचं तर उन्हाळ्यात जा, बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया चालू असताना. हात कामात असले की तोंड मोकळं सुटतं. आणि माझ्याही हाताला काम द्या म्हणावं, नुसती वही घेऊन बसलेल्या बाईकडे सगळ्या संशयाने बघतात.

त्या बिबड्यांवरूनच मला एक मोठी गोष्ट कळली. २०२० च्या एप्रिलमध्ये पाच माणसं एकत्र यायची नाहीत असा हुकूम होता, पण बिबडे एकटीने होत नाहीत. आमच्या वरच्या गल्लीतल्या बायांनी ठरवलं, गल्ली म्हणजे एक घर. गल्लीच्या आत सगळं करायचं, गल्लीच्या बाहेर कोणी जायचं नाही, बाहेरून आलेला पुरुष न्हाणीत जाऊन आल्याशिवाय आत नाही. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, ग्रामपंचायतीला माहीतही नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की सरकारने घराघराला कुलूप लावण्याऐवजी गल्लीगल्लीला लावलं असतं तर म्हाताऱ्यांकडे बघायला माणूस राहिला असता. मला हे पटतं. शहरातल्या फ्लॅटवाल्याला पटणार नाही, आणि त्याचंही बरोबर असेल.

मोबाईलवर आवाज भरायचा मोह टाळा. मोबाईल समोर ठेवला की माणूस ताठ होतो आणि शुद्ध बोलायला लागतो. हातानेच लिहा, आणि अहिराणीत बोलला तर अहिराणीतच लिहा. "बठ्ठं (सगळं) बंद व्हतं, पोट बंद व्हतं का?" याचं "उपासमारीची समस्या होती" असं केलं तर ते बोलणाऱ्याचं राहत नाही. तिकडे रावेर-यावलकडे लेवा बोली असेल, सातपुड्यात पावरी असेल. येत नसेल तर त्यांच्यातल्याच एखाद्या पोरीला सोबत घ्या, तिच्याच हाती पेन द्या.

प्रश्न मी याच क्रमाने विचारते. घरात धान्य किती होतं. हातात पैसे कुठून आले. कोणाकडे जायचं होतं आणि जाता आलं नाही. कोण आलं ते नको होतं. कशाची भीती जास्त होती, आजाराची, पोलिसाची की उद्याची. आणि सगळ्यात शेवटी, "तुम्ही सरपंच असतात तर काय बंद करू दिलं नसतं?"

हा शेवटचा प्रश्न सोन्यासारखा आहे. यात टाळेबंदीला हो किंवा नाही म्हणायचंच नसतं, त्यामुळे दोन्ही बाजूंची माणसं सारखंच गंभीर होतात. मला वाटलं होतं सगळे दवाखाना म्हणतील. आमच्याकडे सगळ्यात आधी आली ती पिठाची गिरणी. रेशनचं धान्य मिळत होतं, पंतप्रधान गरीब कल्याण योजनेचं माणशी ५ किलो वेगळं मिळालं, पण गव्हाचं पीठ कुठे करायचं? गिरणीवाला घाबरून बसला होता. पोलिसांचीही भीती आणि रांगेचीही. मग त्याने चिठ्ठ्या काढल्या, डबा ठेवून जायचा, संध्याकाळी न्यायचा. ही सोपी युक्ती सुचेपर्यंत कितीतरी घरांत भात, नाहीतर नुसतीच खिचडी. जात्यावर दळणारी एकच म्हातारी निघाली, आणि तिच्या घराबाहेर रांग लागली ती वेगळीच.

दवाखान्याचा नंबर दुसरा. तिथे मुद्दा निघाला रस्त्यावरच्या काट्यांचा. पहिल्या वेळी पोरांनी गावाच्या दोन्ही तोंडांना बाभळीच्या काट्या टाकून गावबंदी केली होती. बाळंतिणीची गाडी रात्री आली, तर काट्या काढणार कोण? ज्यांनी टाकल्या ते झोपलेले. याबद्दल तेव्हा काट्या टाकणाऱ्यांनाच आज विचारा, ते स्वतः सांगतात, काट्या नको होत्या, माणूस बसवायला हवा होता.

कागद काढायला लावा

आठवण लबाड नसते, पण ती नंतरच्या गोष्टी आधीच्या गोष्टींत घालते. म्हणून कागद मागा. घरोघरी असतात, फक्त कोणी त्यांना कागद समजत नाही.

बँकेचं पासबुक पहिलं. २०२० च्या एप्रिल, मे, जूनला जनधन खातं असलेल्या बायांना महिन्याला ५०० रुपये आले. त्या नोंदीवरून महिना पक्का होतो, आणि ते काढायला बँकेपुढे किती वेळ उन्हात उभं राहिलो ही गोष्ट आपोआप निघते. उज्ज्वलाच्या मोफत सिलेंडरची पावती. मोबाईलमधला ई-पास. लशीचं प्रमाणपत्र, त्यावर तारीख छापलेली असते. ४५ च्या वरच्यांना १ एप्रिल २०२१ पासून लस खुली झाली, १८ च्या वरच्यांना १ मेपासून, त्यावरून कोण लगेच गेलं आणि कोण सहा महिने थांबलं ते कळतं. थांबला त्याला "का" विचारा, हसू नका. लग्नाची पत्रिका, छापलेली तारीख आणि तिच्यावर पेनाने केलेली दुसरी. २०२० च्या उन्हाळ्याचं एकत्र आलेलं वीजबिल. कापूस विकल्याची पावती, ज्यांचा माल पावसाच्या तोंडापर्यंत घरातच पडून होता त्यांची. कापसाच्या गंजीशेजारी झोपून अंगाला खाज सुटली, पोरं रात्रभर खाजवायची. या शेतकऱ्यांना रोगाचं विचारलं तर ते आधी या खाजेचं सांगतात.

दुकानदार असाल, तर तुमची उधारीची वही हीच अर्धी साक्ष आहे. आधी साखर-चहा कमी होतो, मग तेल पावशेरावर येतं, मग खात्यात नुसतं मीठ, तिखट आणि तंबाखू उरते. २०२१ च्या वहीत सुंठ, लवंग, काळी मिरी आणि कापूर दिसतो, काढ्याचा आणि पुरचुंडीचा. पण खबरदार, नावासकट ती पानं कोणाला दाखवायची नाहीत. उधारी ही माणसाची अब्रू असते. मी फक्त "मार्चअखेरपासून तेल निम्म्यावर" असं वहीत उतरवते.

आणि इथे एक गोष्ट सांगून टाकते. माझ्यासमोर दुकानांबद्दल कोणी खरं बोलणार नाही. "तुमचं तर चाललं ना ताई," असं हसत म्हणतात, ते खरंही आहे, धंदा झाला. तंबाखूची पुडी तिप्पट भावाने कोणी विकली, हे माझ्या तोंडावर कोण सांगेल? म्हणून भावाचं, काळ्या बाजाराचं, दुकानाच्या वेळेचं पान माझी जाऊ लिहिते, मी तिथून उठते. तुमच्याकडेही असंच करा. आशाताई लिहीत असेल तर आरोग्याचं पान तिने लिहू नये. पोलीस पाटलाचा मुलगा लिहीत असेल तर दांडक्याचं पान त्याने लिहू नये.

दुकानाच्या वेळेबद्दल मात्र गावात एकमत आहे आणि माझंही तेच. २० एप्रिल २०२१ पासून किराण्याला सकाळी ७ ते ११ एवढीच वेळ दिली. दिवसभर येणारी माणसं चार तासांत आली. मी दारात चुन्याचे गोल आखले होते, त्या गोलांत माणसं कमी आणि चपला जास्त. गर्दी नको म्हणून वेळ कमी केली आणि गर्दी झाली ती त्यामुळेच. पुढच्या वेळी वेळ वाढवा आणि गल्लीवार वार ठरवून द्या, हे लहान पोरसुद्धा सांगेल.

उजवीकडचं अक्षर

प्रत्येक वाक्यासमोर एक अक्षर लिहायचं. स्वतः पाहिलं असेल तर प, कोणाकडून ऐकलं असेल तर ऐ, मोबाईलवर आलं असेल तर मो. बोलणाऱ्यालाच विचारून लिहा, "हे तुम्ही बघितलं की ऐकलं?" हा प्रश्न सौम्यपणे विचारला की निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

याची सगळ्यात जास्त गरज दोष देण्याच्या बोलण्यात पडते. अमुक मोहल्ल्याने आणला, सुरतवाल्यांनी आणला, अमुक भाजीवाला थुंकून विकायचा. २०२० च्या एप्रिलमध्ये हे खूप चाललं, भाजीवाल्यांना गावात येऊ दिलं नाही अशीही गावं आहेत. हे वगळू नका, वगळलं तर वही खोटी होते. पण समोर अक्षर आलंच पाहिजे. आमच्या वहीत अशा बोलण्यासमोर एकही प नाही. आणि ज्याच्यावर बोट दाखवलं त्याच्याकडे जाऊन त्याचं लिहायचं. आमच्याकडे येणारा भाजीवाला म्हणाला, "मी तीच भाजी घरी खात होतो."

अंमळ जुनी माणसं भेटली तर त्यांना त्यांच्या आजीकडून काय ऐकलं ते विचारा. प्लेगात गाव उठून शेतात झोपड्या घालून राहायचं, १९१८ च्या मानमोडीत (फ्लूच्या साथीत) प्रेतं उचलायला माणूस मिळायचा नाही. २०२० मध्ये जो साथरोग कायदा लागू केला तो १८९७ चा, प्लेगाच्याच वेळचा. यांच्यासमोर ऐ येणार, पण त्यातून एक गोष्ट निघते. तेव्हा आजाऱ्यापासून लांब जायचं म्हणजे उघड्यावर जायचं होतं, आणि आपण घरात, एका खोलीत सहा जण कोंडून घेतलं. शेतात मळा असलेली आमच्यातली काही घरं २०२१ मध्ये खरंच मळ्यात जाऊन राहिली.

मधले महिने विसरू नका

सगळे टाळेबंदीचं सांगतात, मधल्या काळाचं कोणी सांगत नाही. २०२० ची दिवाळी ते २०२१ चा शिमगा या काळात गावाने काय केलं, हा प्रश्न जरा टोचतो. १५ जानेवारी २०२१ ला ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या. प्रचार, जेवणावळी, गुलाल सगळं झालं. कोणाला नावं ठेवू नका, फक्त विचारा, "तेव्हा वाटलं होतं का परत येईल?"

याच महिन्यांत, आणि थोडं आधीपासूनच, आपल्या शेजारी नंदुरबारला वेगळं घडत होतं. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिला ऑक्सिजन प्रकल्प सप्टेंबर २०२० मध्येच उभा केला आणि लाट ओसरली तरी पुढचे प्रकल्प थांबवले नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये सगळीकडे सिलेंडरसाठी धावाधाव सुरू झाली, तेव्हा राज्यातला हा आदिवासी जिल्हा तग धरून होता. आमच्या जळगाव जिल्ह्याने त्याआधी २०२० च्या जूनमध्ये १० टक्क्यांच्या वरचा मृत्युदर पाहिला होता, आणि अमळनेर शहर तर अगदी सुरुवातीलाच पोळलेलं. म्हणून आमच्याकडे लोक टाळेबंदीवर कमी आणि यावर जास्त बोलतात, की बंद ठेवलेल्या दिवसांत तयारी काय केली? माझ्या मते सामान्य माणसाचं खरं मत हेच आहे. दार बंद करायला त्याची ना नव्हती. आत काम काय चाललंय हे त्याला सांगावं, एवढं त्याचं म्हणणं होतं.

ज्यांच्या घरात माणूस गेलं

आपण होऊन विचारायचं नाही. त्यांच्याकडे जायचं, बसायचं, धान्याचे आणि पासबुकाचे प्रश्नही विचारायचे नाहीत. ते बोलले तर ऐकायचं, आणि लिहू का असं विचारूनच लिहायचं. अंत्यविधीला २० माणसं, तोंड बघायला मिळालं नाही, दहाव्याला भाऊबंद आले नाहीत, हे त्यांचं बोलणं असतं. लिहिलेलं त्यांना परत वाचून दाखवा आणि पेन त्यांच्या हातात द्या. एका घरातल्या मुलाने अर्धं पान खोडलं. ते पान तसंच, खोडलेलं, वहीत आहे. दवाखान्याचं बिल कोणी दाखवलं तर आकडा लिहा, नाव लिहू नका.

वही झाल्यावर

वहीत नावं घालू नका. काम लिहा, म्हणजे शेतमजूर बाई, बँडवाला, दहावीचा मुलगा. नावांचा कागद वेगळा, तो एकाच घरात. वहीच्या दोन झेरॉक्स काढा, एक ग्रामपंचायतीत, एक शाळेत. मोबाईलवर फोटो पाठवायचा आग्रह होईल, पाठवू नका, दुसऱ्या दिवशी तालुक्यात फिरतो.

मग शेवटच्या प्रश्नाची उत्तरं वेगळी काढून एका पानावर आणा. आमचं पान असं झालंय: गिरणी बंद होणार नाही, डबा-चिठ्ठी पद्धतीने चालेल. रस्त्याला काट्या नाहीत, पाळीने माणूस. शाळेत कोणी राहिलं तर त्याच्या डब्याची जबाबदारी ज्या त्या गल्लीची, गावात घर नसलेल्यांची ग्रामपंचायतीची. दुकानाला गल्लीवार वार. दवाखान्याला नेणाऱ्या दोन गाड्यांचे मालक आणि डिझेलचा खर्च कोणाकडून, ते आधीच ठरलेलं. लगेच ठरलं नाही ते बँडवाल्याचं. आम्ही लिहिलं, "वाजवणारे माणसांत धरायचे नाहीत", पण तो नियम आमच्या हातात नाही, म्हणून त्याला वेगळा अर्ज तहसीलला.

हे पान ग्रामसभेत ठेवा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यातली १ मेची बरी, कारण तेव्हा सुरतवाले लग्नांना गावी आलेले असतात. विषय आधी ग्रामसेवकाकडे (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) लेखी द्या आणि पोच घ्या, नाहीतर "आयत्या वेळच्या विषयात घेऊ" म्हणतात आणि तोवर लोक उठून जातात. गिरणीवाल्याला आदल्या दिवशी घरी जाऊन सांगून या. तो नसला तर पहिल्याच मुद्द्यावर गाडी अडते.